छातीतील जळजळ : घरगुती उपाय व नित्याचा आचार

[देवगाव फाटा येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण]



ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यानास विषय कोणता घ्यावा, याचे काही दंडक ठरून गेले आहेत. विद्यार्थ्यांची वसतिगृहे, हुंड्याची चाल, लग्नातील उधळपट्टी या विषयांवर येथे अधिकारी वक्ते बोलले आहेत व पुढेही बोलतील. आम्ही मात्र आज छातीतील जळजळ हा विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. कित्येकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु या मंडपात बसलेल्या किती जणांच्या खिशात अथवा बटव्यात आम्लपित्ताची गोळी आहे, याची ज्याने त्याने मनाशी मोजदाद करावी, म्हणजे विषय क्षुल्लक आहे की कसे, ते आपोआप कळेल.

स्थळही विषयास साजेसेच मिळाले आहे. मंठ्याकडून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला येथे सेलूची वाट फुटते, म्हणून हा फाटा. फाट्यावर उतरलेला मनुष्य पुढल्या गाडीची वाट पाहतो, आणि वाट पाहणारा मनुष्य चहा पितो. चहामागून आलुबोंडा येतो, भजी येतात, भज्यांसोबत तळलेली मिरची येते, आणि शेवटी तंबाखूची चिमूट येते. पहाटे घरून काही न खाता निघालेल्या पोटावर हा सारा मारा झाला की तासा-दोन तासांत उरात निखारा ठेवल्यासारखे होते, घशाशी आंबट पाणी येते, आणि तो गृहस्थ शेजाऱ्यास सांगतो, ‘आज पित्त फार झालेय.’ हॉटेलवाल्यास आम्ही दोष देत नाही. त्याने कोणाचा हात धरून खावयास बसविलेले नसते.

या ‘पित्त’ शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठी माणसाने या एका शब्दावर जेवढा भार टाकला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दावर टाकला नसेल. डोके दुखले की पित्त, मळमळले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि घरचा कर्ता माणूस संतापला तर त्याचेही पित्तच खवळते. अंगावर उठणारे पित्त ही एक प्रकारची वावडी आहे. अर्धे डोके ठणकून उलटी होते, ते पुष्कळदा अर्धशिशीचे लक्षण असते. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पित्तरस ही तर आणखी निराळीच वस्तू. आज आम्हांस ज्याविषयी बोलावयाचे आहे, ते यांपैकी कोणतेही नव्हे. नावांचा हा गोंधळ निरुपद्रवी नाही, तो कधी कधी जिवावर बेततो. ते पुढे सांगू.

छातीत जळते ते जठरातील आम्ल वर आल्यामुळे. जठरात अन्न पचविण्यासाठी तीव्र आम्ल पाझरते. ते हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. जठराच्या आतील अस्तरास त्यापासून संरक्षण आहे, अन्ननलिकेस ते तेवढे नाही. या दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते व एरवी आवळलेले राहते. हे कडे अवेळी सैल पडले की आम्ल वर चढते. पाण्याने गच्च भरलेली पखाल आडवी ठेवावी आणि तिच्या तोंडाची गाठ सैल असावी, म्हणजे जे होईल, तेच रात्री दहाला जेवून सव्वादहाला आडव्या होणाऱ्या माणसाच्या पोटात होते. सर्व उपाय या एका दृष्टान्तात आले: पखाल गच्च भरू नये, भरताच आडवी करू नये, वरून दाबू नये, आणि तोंडाची गाठ सैल करणाऱ्या वस्तूंपासून दूर राहावे.

आपल्या पूर्वजांस हा विकार ठाऊक होता. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आम्लपित्तास स्वतंत्र अध्याय नाही, परंतु काश्यपसंहितेत व माधवनिदानात तो आहे. माधवाने त्याचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन भेद सांगितले. काश्यपसंहितेत तर हा रोग बहुधा दमट, पाणथळ प्रदेशात होतो असे म्हटले आहे. आमच्या मराठवाड्यास कोणी पाणथळ म्हणणार नाही. तेव्हा दोष हवेवर ढकलण्याची सोयही आपणांस उरली नाही, तो आचारातच शोधला पाहिजे.

जुन्या आचारांतील एका शब्दाचे आम्हांस फार कौतुक वाटते. तो शब्द म्हणजे वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणे, एवढाच त्याचा अर्थ. आज आपण दोन-दोन तास उताणे घोरतो आणि त्यालाही वामकुक्षी म्हणतो, ही गोष्ट निराळी. जठराचा फुगीर भाग शरीराच्या डाव्या बाजूस असतो. डाव्या कुशीवर निजल्यास आम्ल त्या भागात साचून राहते व अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर हाच प्रकार उलटा होतो. आधुनिक वैद्यांनी अन्ननलिकेतील आम्लाचे मोजमाप करून या गोष्टीचा पडताळा घेतला आहे. तरीही भरल्या पोटी लगेच पडणे टाळावे हेच खरे. आधी शतपावली, मग डावी कूस. रात्री मात्र जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर हवे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जी चाल जैन बांधव पाळतात, तिचा हेतू धार्मिक असला तरी जठराला ती मानवते.

ज्यास रात्री जळजळ होऊन जाग येते, त्याने बाजेच्या अथवा पलंगाच्या उशाकडील पायांखाली दोन-दोन विटा ठेवाव्यात. उशांची चळत रचून उपयोग नाही, त्याने केवळ मान मोडते व पोट दाबले जाते. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत हवा. जमिनीवर निजणाऱ्यांनी गोधड्यांच्या घड्यांचा तसा उतार करावा. या उपायास खर्च काहीच नाही, म्हणूनच की काय, तो सांगितला असता लोकांचा विश्वास बसत नाही.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो, परंतु ज्ञातीच्या व्यासपीठावर सांगावयाचे नाही तर कोठे सांगावे? आमच्या घरांतून गृहिणी सर्वांच्या शेवटी जेवते. पाहुणे, पुरुष, मुले, गडीमाणसे यांचे झाल्यावर रात्री दहा-साडेदहाला ती पातेल्यातले उरलेसुरले वाढून घेते. दिवसभर चहावर काढलेली असते, म्हणून भूक मोठी असते. भांडी आवरताच ती अंथरुणाला पाठ टेकते, आणि वर्षानुवर्षे म्हणते, ‘मला मेलीला पित्ताची खोडच आहे.’ ही तिच्या शरीराची खोड नव्हे, आमच्या घराची खोड आहे. तिच्यासाठी आम्ही ज्येष्ठमध आणू, आवळा आणू, परंतु तिचे ताट आठ वाजता मांडू नये, असा काय शास्त्राधार आहे? गरोदरपणी तर वाढत्या गर्भाचा दाब आणि शरीरातील बदल यांमुळे ही जळजळ फारच सामान्य असते. त्या दिवसांत थोडे थोडे व अनेक वेळा खाणे हाच पहिला उपाय.

शेतावरच्या माणसाची गोष्ट वेगळी. सकाळी भाकरी खाऊन तो लगेच खुरपणीस वाकतो. बाई कापूस वेचावयास निघते, ती ओटी कमरेला आवळून बांधते आणि ती भरत जाते तसा तिचा भार व दाब पोटावर येतो. वाकणे आणि पोट आवळणे, दोन्ही पखाल दाबणेच. न्याहारीनंतर अर्धा-पाऊण तास उभ्याची कामे आधी उरकावी, ओटी थोडी सैल बांधावी. पायजम्याची नाडी, परकराची गाठ, कमरेचा पट्टा, यांनाही हाच न्याय. पिकास पाणी देण्यासाठी वीज रात्री येते, तेव्हा जागरणासाठी चहा आणि तंबाखू यांचा आधार घेतला जातो. तंबाखू, मग ती बिडीतील असो वा गालातील, ते कडे सैल करणारी आहे. मद्यही तसेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी तो कोठे मिळतो हे शाळकरी पोरेही सांगतील. ज्यांचे पोट सुटले आहे, त्यांनी वजन थोडे जरी उतरविले, तरी बऱ्याच जणांची जळजळ कमी होते. याइतका खात्रीचा उपाय क्वचितच असेल.

मिरचीविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. ठेचा सोडा, येसर सोडा, आंबट वरण सोडा, असा सरसकट हुकूम आम्ही करणार नाही. एकास जे बाधते ते दुसऱ्यास बाधत नाही. पंधरा दिवस वहीत लिहावे: काय खाल्ले, केव्हा खाल्ले, जळजळ केव्हा झाली. पुष्कळांस असे आढळते की गुन्हेगार ठेचा नसून तळलेले पदार्थ, पोटाची तडस आणि अवेळ हे आहेत. उपवासाचेही तसेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे वचन कोणी उगाच केले नाही. दिवसभर रिकामे पोट आणि वर तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा. हा जठरास विसावा नव्हे.

आता घरगुती औषधे. धणे-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी सौम्य आहे, पुष्कळांस त्याने बरे वाटते. साळीच्या लाह्या, केळे, पातळ ताक, हेही कित्येकांस मानवते. आवळ्याविषयी इराणमध्ये ६८ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवड्यांत जळजळ कमी झाल्याचे दिसले. प्रयोग लहान आहे, पण आशादायक आहे. ज्येष्ठमध उपयोगी असला तरी फार दिवस व फार प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवितो, हे विसरू नये. थंड दूध तत्काळ शांत करते, मात्र थोड्या वेळाने तेच जठरास अधिक आम्ल पाझरावयास लावते. पुदिना आणि पेपरमिंटच्या गोळ्या पोटास हितकर अशी समजूत आहे. जळजळ असलेल्यास त्या उलट पडू शकतात, कारण त्यांनी ते कडे ढिले होते. खाण्याचा सोडा आम्लावर पडला की वायू होतो, ढेकर येतो, बरे वाटते. परंतु त्यातील क्षार रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यास अपायकारक आहे, आणि नित्य घेण्याची ती वस्तू नव्हे. घशात बोटे घालून पित्त पाडणाऱ्यांस आमची हात जोडून विनंती आहे की हे करू नये. त्याने अन्ननलिका पोळते, दातांचे कवच झिजते. पंचकर्मातील वमन वैद्याच्या देखरेखीखाली होते, न्हाणीघरात नव्हे. डोकेदुखीची गोळी उपाशीपोटी घेणारेही थोडे नाहीत. पित्ताने डोके दुखते म्हणून गोळी, गोळीने जठर सोलते म्हणून पुन्हा पित्त, असे हे रहाट चालूच राहते.

आता ते जिवावर बेतणारे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ, वय पन्नाशीचे, एका लग्नाच्या पंगतीनंतर रात्री छातीत जळते म्हणून उठून बसले. अंगास घाम फुटला होता. घरच्यांनी सोडा दिला, ढेकर आला. मग लिंबू-साखर दिली, मग पाठीस तेल लावले, मग पहाटेपर्यंत वाट पाहिली. प्रत्येक उपाय मायेचा होता, आणि त्या मायेत साडेचार तास गेले. ते पित्त नव्हते, हृदयविकाराचा झटका होता. रुग्णालयाच्या दारी गाडी पोहोचली, तेव्हा सर्व संपले होते.

हृदय व अन्ननलिका यांच्या वेदनांच्या वाटा मज्जारज्जूत जवळजवळ आहेत, म्हणून एकीचे दुखणे दुसरीचे भासते. छातीत दाबल्यासारखे, आवळल्यासारखे वाटणे. वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे. थंड घाम, धाप, चालल्याने वाढणारी कळ. यांपैकी काही असल्यास ते पित्त समजू नये. मधुमेही माणसांत व स्त्रियांत तर पुष्कळदा वेदना नसतेच, नुसती धाप, मळमळ व विलक्षण थकवा असतो. सोड्याने ढेकर आला म्हणजे हृदय निर्दोष ठरले, असे मुळीच नाही. अशा वेळी १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे. ती येईपर्यंत रोग्यास चालवू नये, आणि मोटारसायकलीवर तर त्याने स्वतः मुळीच निघू नये. शासकीय रुग्णालये सेलूसही आहेत व जिंतूरासही. हृदयाचा विद्युत्-आलेख काढावयास काही मिनिटे लागतात. तो निर्दोष निघाला व लोक हसले, तर हसू द्यावे.

घास अडकणे, काळी शौचास होणे, उलटीत रक्त, कारणावाचून वजन उतरणे, ही लक्षणेही घरी झाकून ठेवण्याची नव्हेत. जठरव्रणाचे एक मोठे कारण सूक्ष्म जंतू आहे. तो ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हुडकला व २००५ साली त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूवर धणे-जिऱ्याचे पाणी चालत नाही, त्यास औषधांचा नेमका क्रम लागतो. तसेच आम्ल कमी करणाऱ्या ज्या गोळ्या आज दुकानातून सहज मिळतात, त्या चांगल्या आहेत, पण जेवणापूर्वी अर्धा तास व वैद्याने सांगितली तितकीच मुदत घ्यावयाच्या आहेत. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने नव्हे.

संयोजकांनी आमची एक विनंती मान्य केली आहे. आजची रात्रीची पंगत सात वाजता बसेल, आणि पहिल्या पंगतीस भगिनी बसतील. वाढण्याचे काम पुरुष मंडळींकडे आहे. येसर वेगळ्या पातेल्यात ठेवले आहे, ज्यास हवे त्याने मागून घ्यावे. आमचे भाषण लांबले तर पंगत लांबेल, म्हणून येथेच थांबतो.