कोडिंगचा कोर्स आणि आपली पोरं
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतले माणूस. संगणकावर बोलायला उभे राहिलो याचे काहींना हसू येईल. पण वस्तीतली चार-पाच पोरं आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आली. "काका, डिलिव्हरीचं काम सोडून कोडिंगचा कोर्स करू का? सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर होता येतं म्हणतात." एकाच्या आईने तर गळ्यातले मोडायची तयारी केली होती. म्हणून आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले.

या कोर्सला बूटकॅम्प म्हणतात. शब्द अमेरिकन लष्करातला. नव्या शिपायाला तयार करतात ती छावणी. 2012 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत असे वर्ग निघाले. पदवी नको, तीन-चार महिने दिवसरात्र घासा आणि नोकरीला लागा. कल्पना वाईट नाही. परिस्थितीमुळे ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले त्याला दुसरी संधी मिळत असेल, तर नको म्हणणारे आम्ही कोण?

आपल्या समाजाला तर तिचे मोल जास्त. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण धोट्यात नवी बॉबिन घातली की सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालेना, म्हणून त्या खात्याचे दार आपल्या आजोबा-पणजोबांना बंद. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. संगणकाला विटाळ होत नाही. नोकरी देणाऱ्या साहेबाच्या मनाचे मात्र आम्ही सांगत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. अमेरिकेत केंटकी राज्यात पाईकव्हिल नावाचे गाव आहे, कोळसा खाणींच्या मुलखातले. खाणी बंद पडू लागल्या, माणसे घरी बसली. आपल्याकडे 1982 च्या संपानंतर गिरणगावात झाले तसेच म्हणा. 2015 साली तिथे बिट सोर्स नावाची कंपनी निघाली. खाणकामगारांना कोडिंग शिकवायचे, शिकतानाही पगार द्यायचा. अर्ज आले नऊशेच्या वर, घेतले दहा-अकरा! निवडले त्यांनी कोड लिहून दाखवला. म्हणजे हातकाम करणाऱ्याला डोके नसते हे खोटे ठरले. पण उरलेल्या नऊशेंचे काय, हे जाहिरातीत कोणी छापत नाही.

लॅम्डा स्कूल म्हणून एक संस्था 2017 मध्ये निघाली, पुढे तिचे नाव ब्लूमटेक झाले. आधी फी नको, नोकरी लागली की पगारातून द्या. 71 ते 86 टक्के मुलांना नोकरी लागते, अशी जाहिरात. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक संरक्षण खात्याने कारवाई केली. खरा आकडा पन्नासच्या आसपास, काही तुकड्यांत तर तीस. आणि "हे कर्ज नाही" म्हणून ज्यावर सह्या घेतल्या, ते कर्जच होते.

आपल्याकडेही कागद बारीक अक्षरात असतो, तोही इंग्रजीत. फीचे हप्ते म्हणून सही घेतात आणि मागे फायनान्स कंपनीचे कर्ज निघते. पोरगा कोर्स सोडून घरी आला तरी हप्ता काही थांबत नाही. शिवाय आता साधा कोड यंत्रच लिहून देते, त्यामुळे नवशिक्याला दार आणखी अरुंद झाले आहे.

मग शिकायचे नाही का? शिकायचे! पण हातचे काम सोडून नव्हे. आधी तीन-चार महिने रात्री फुकट शिकून बघा. फ्री कोड कॅम्प आहे, एनपीटीईएलचे वर्ग आहेत. चूक सापडेपर्यंत तासन् तास बसवते का, इंग्रजी वाचवते का, ते तेवढ्यात कळते. सूत तुटले की कारागीर मुकाट्याने जोडतो, तसा स्वभाव लागतो. तो असेल तर पैसे घाला. घालण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांना जातीने भेटा. संस्थेने निवडून दिलेल्यांना नव्हे, आपण शोधलेल्यांना.

विहाराच्या वाचनालयात एक टेबल, वीज आणि इंटरनेट द्यावे, अशी समितीला आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तिथे बसू. नोकरीला लागलेली आपली दोन मुले कागद वाचून द्यायला तयार आहेत. ज्याला सही करायची आहे त्याने कागद घेऊन यावे, आईलाही सोबत आणावे.

जय भीम! नमो बुद्धाय!