गणपतीच्या तासगावात आपले स्वागत

माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, लांबून आलेले शास्त्रज्ञ आणि माझ्या द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनींनो,

तासगावकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. हे गाव परशुरामभाऊ पटवर्धनांचे. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत भाऊंनी दक्षिणेतली गोपुरे पाहिली आणि आपल्या गणपतीपुढेही सात मजली गोपुर उभे केले. १७७९ मध्ये सुरू झालेले देवालय १७९९ मध्ये पुरे झाले आणि त्याच साली पट्टणकोडोलीच्या लढाईत भाऊ कामी आले. ऋषिपंचमीला रथ निघतो, तेव्हा दोराला हात लावायला पुण्या-मुंबईला गेलेली पोरेही घरी येतात. १९४२ च्या सप्टेंबरात इथल्याच मामलेदार कचेरीवर मोर्चाने तिरंगा फडकवला. हे सांगताना आजही ऊर भरून येतो.

पण एक नाव आज मुद्दाम घेतो. बोरगावचे वसंतराव आर्वे. थॉमसन सीडलेसच्या वेलांतून निवड करून त्यांनी 'तास-ए-गणेश' हे वाण दिले आणि आमच्या गणपतीचे नाव महाराष्ट्रभरच्या मांडवांवर चढले. कित्येक घरांची कर्जे त्या हिरव्या, लांबट मण्यांनी फेडली. आज त्याच वाणाच्या काड्या भरणाऱ्या तरुणाला हे नाव ठाऊक असतेच असे नाही. या सभामंडपाला आर्वे यांचेच नाव द्यायचे, असा आग्रह मी धरला तो त्यामुळे.

सूत्रकृमी हा या परिषदेचा विषय; त्यावर मी काय बोलणार? मी बागायतदार. खत दिले, ठिबक चालू आहे, तरी छाटणीनंतर वेल जोमाने फुटत नाही, म्हणून बोद उकरावा तर पांढऱ्या मुळीवर गाठीच गाठी. त्या गाठीत सूत्रकृमीची मादी बसलेली असते आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते, हे आम्हाला आपण शिकवले. पाणी कमी आणि जमीन खारवट, म्हणून आम्ही डॉगरिज खुंट लावला. गाठीच्या सूत्रकृमीलाही तो बऱ्यापैकी तोंड देतो, हे आमचे नशीब. मात्र रोपाच्या पिशवीतल्या मातीतूनच हा त्रास बागेत शिरतो. तेव्हा रोपवाटिकेच्या मातीत सूत्रकृमी किती, हे मोजून देणारी सोय तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, एवढे मागणे या सभेपुढे ठेवतो.

आता व्यवस्थेविषयी. दोन दिवसांच्या पावसाने शिवारफेरीची वाट चिखलाची झाली आहे. मुरूम टाकला, तो पुरला नाही. निवास तीन ठिकाणी विभागावा लागला, गरम पाणी पाळीपाळीने मिळेल. ज्येष्ठ मंडळींना जिने चढावे लागले, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो.

कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही. बेदाण्याच्या अडत्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मागण्याआधी पावत्या फाडल्या. शीतगृहवाल्यांनी जेवणाचा एक दिवस उचलला, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत, महाविद्यालयातल्या मुलांनी सूक्ष्मदर्शक डोक्यावरून वाहून आणले. ज्यांनी नाव सांगू नका म्हटले, त्या दात्यांचाही मी ऋणी आहे.

शिवारफेरीच्या गाड्या उद्या सकाळी सातला देवळासमोरून सुटतील. काही कमी पडले, तर स्वागत कक्षात हक्काने सांगा. नमस्कार.