‘मी’पणाचे किती गुण?

घरच्या कार्यात फोटो काढताना एखादी व्यक्ती दर वेळी बरोबर मधोमध येऊन उभी राहते. असं आत्मप्रेम, म्हणजे नार्सिसिझम, मोजायचं कसं? आपण पाठीमागे कुजबुजून मोकळे होतो. मानसशास्त्रज्ञ प्रश्नावली पुढे करतात.

रॉबर्ट रॅस्किन आणि कॅल्विन हॉल यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत अशी प्रश्नावली मांडली. १९८८ मध्ये रॅस्किन आणि हॉवर्ड टेरी यांनी ती ४० जोड्यांवर आणली. जोडीतलं एक वाक्य साधारण असं, की सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असाव्यात. दुसरं असं, की गर्दीत मिसळून गेलेलं बरं. ‘दोन्ही थोडं थोडं’ म्हणायची सोय नाही, एकावर खूण करायचीच. आत्मप्रेमाच्या बाजूच्या प्रत्येक खुणेला एक गुण.

मेख आहे ती बेरजेत. पुढारपणाची हौस, आरशाची ओढ आणि दुसऱ्याच्या जिवावर काम साधून घेणं, सगळं एकाच आकड्यात. यातली पहिली गोष्ट वर्गाच्या मॉनिटरलाही लागते. तिसरी मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना जाचते. त्यामुळे नुसत्या गुणांवरून कुणाला विकार आहे असं म्हणता येत नाही.

२०१४ मध्ये सारा कोनरॅथ आणि सहकाऱ्यांनी तर एकाच प्रश्नावर भागवलं. ‘नार्सिसिस्ट’ या शब्दाचा अर्थ सांगायचा आणि विचारायचं, तुम्ही स्वतः असे आहात, हे कितपत पटतं? एक ते सात, आकडा सांगा. आणि गंमत म्हणजे, आत्मप्रेमी मंडळी बऱ्यापैकी खरं सांगतात. त्यांना त्यात वावगं वाटतच नाही ना!