मणक्याजवळचं पातं

16 जानेवारी 2025 ची पहाट. वांद्र्याच्या घरात शिरलेल्या माणसाशी झालेल्या झटापटीत अभिनेता सैफ अली खान जखमी झाला आणि रिक्षाने लीलावती रुग्णालयात पोहोचला. अंगावर सहा जखमा, दोन खोल. तीन दिवसांनी संशयिताला ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत अटक झाली आणि सगळे कॅमेरे तिकडे धावले. खरं नाट्य मात्र शस्त्रक्रियागृहात घडून गेलं होतं.

चाकूचा सुमारे अडीच इंचांचा तुकडा मणक्याशी रुतला होता. मज्जारज्जूभोवतीचा द्रव झिरपत होता. डॉ. नितीन डांगे यांच्या पथकाने तुकडा काढून गळती बंद केली. 21 जानेवारीला रुग्ण घरी परतला.

असं रुतलेलं पातं घटनास्थळी उपसायचं नाही. कापलेल्या रक्तवाहिनीला कधीकधी त्याचंच बूच बसलेलं असतं. भोवती कापडाच्या घड्या लावून ते हलू द्यायचं नाही. पातं नसेल आणि रक्त वाहत असेल, तर जखम घट्ट दाबून धरायची आणि 108 ला फोन करायचा. हळद भरू नये. पाणीही पाजू नये, भूल द्यावी लागू शकते.

रुग्णालयात छातीत कोंडलेली हवा नळीने काढतात, पोटातलं रक्त सोनोग्राफीत शोधतात. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पहिल्या 3 तासांतच उपयोगी पडतं, हे 2010 च्या क्रॅश-2 चाचणीतून पुढे आलं.

आणि पोलिसांचे कागद? आधी उपचार, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावलं आहे.