अवकाशाच्या शांततेला सूर



अवकाशात हवा नाही.
म्हणून तिथे आवाज पोचत नाही.
एखादा तारा फुटला, तरी शांतताच.

मग टीव्हीवर अवकाशाची मालिका बघताना आपल्याला काय ऐकू येतं?
ते संगीत असतं.
शांततेला दिलेला सूर.

1980 साली अमेरिकेत ‘कॉसमॉस’ ही मालिका आली.
खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन तिचे निवेदक.
तिचं शीर्षकसंगीत ग्रीक संगीतकार व्हँजेलिस यांचं.

आणि बरं का,
ते मालिकेसाठी रचलेलंच नव्हतं!
ते होतं त्यांच्या 1975 च्या अल्बममधलं.

व्हँजेलिस स्वरलिपी लिहीत नसत.
सिंथेसायझरसमोर बसायचे.
सुचेल ते वाजवायचे.
मग एका सुरावर दुसरा सूर ध्वनिमुद्रित करायचे.

‘कॉसमॉस’ची ही धून पहिल्यांदा ऐकली की घाई जाणवत नाही.
सूर लांबतो,
हळूहळू भरत जातो.
मला तर मैफल सुरू होण्याआधीचा तंबोरा आठवतो.

अशा मालिकेत संगीतकाराला आणखी एक सांभाळावं लागतं.
निवेदक बोलू लागला, की सुरानं मागे सरायचं.
शब्द थांबले, की पुन्हा पुढे यायचं.
शांततेला सूर द्यायचा, पण शांतता मोडायची नाही.

सेगन यांना संगीताचा चांगला कान होता, श्रोतेहो.
1977 मध्ये अवकाशात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर एकसारखी तबकडी होती.
तिच्यातलं संगीत निवडणाऱ्या समितीचे ते प्रमुख.
त्या तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर आहेत.
भैरवी गाताना.

दोन्ही यानं अजून पुढेच चालली आहेत.