गाणं कुणाच्या हाती द्यायचं?

कॅसेटच्या काळातली गोष्ट. यावलजवळच्या एका जत्रेत मी लिहिलेलं गाणं भोंग्यावर वाजत होतं. दुकानात जाऊन कॅसेट पाहिली, तर तिच्यावर गायकाचं नाव होतं, कंपनीचं होतं, कवीचं नव्हतंच. मानधन म्हणून मिळालेली शाल मात्र अजून पेटीत आहे.

परवा गल्लीतला एक पोरगा आला. म्हणाला, "चाचा, तुमचं केळीच्या बागेचं गाणं मी गायलंय. स्पॉटिफायवर टाकू?"

तिथे आपल्याला थेट जाता येत नाही, मध्ये वितरक लागतो. आमच्या केळीच्या मुलखात आडत म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतो, कमाईत वाटा मागत नाही. पण फी थांबली आणि जादा पैसे भरून सोय केलेली नसली, तर गाणं उतरतं. सीडी बेबी एकदाच फी घेतो आणि कमाईतून ९ टक्के कापतो. पोराला पहिला स्वस्त वाटला. मी म्हटलं, "बेटा, पुढच्या वर्षी तू कामधंद्याला सुरतेला असशील. फी कोण भरणार?" शिवाय २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसेच देत नाही. मग ९ टक्के तरी कशाचे कापणार?

आणखी एक. गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक मिळतो. तो गाण्याचा सातबाराच समजा. वितरक बदलला तरी तोच क्रमांक पुढे न्यायचा, नाहीतर ऐकणाऱ्यांची मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते.

मग त्याने भरलेला फॉर्म पाहिला. गायक आणि गीतकार, दोन्ही रकान्यांत त्याचंच नाव! लबाडीने नव्हे, घाईने. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्याकडच्या कितीजणींची नावं अशीच गेली. बहिणाबाईंचं राहिलं, कारण त्यांच्या मागे सोपानदेवांनी १९५२ साली त्यांची गाणी छापून आणली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायदाही गीतकाराच्या बाजूने आहे. हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी रॉयल्टीतला त्याचा निम्मा वाटा सोडून देता येत नाही. पण वितरकाकडून येतात ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्दांचे आणि चालीचे पैसे गोळा करायला १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. तिथे सभासद व्हावं लागतं, आणि मी आजवर झालो नव्हतो.

पोराने रकाना खोडला, माझं पूर्ण नाव विचारून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, आणि ढोलकीवाल्याचं काय?"

तेव्हापासून आम्ही दोघे वहीत वाटण्या मांडतोय. गाणं अजून टाकलेलं नाही.