दिलेलं निमंत्रण

अमरावतीच्या आणि अकोल्याहून पहाटेच निघून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

'कॅन्सल करणं' हे परदेशी खूळ आहे, असं आपण म्हणतो. शब्द परदेशी असेल, रीत घरचीच आहे. आपल्याकडे तिला वाळीत टाकणं म्हणतात. जातपंचायतींनी इतकी माणसं वाळीत टाकली की २०१६ साली या राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. पण पंचायत चावडीवर बसायची तेव्हा पंच कोण, हे तरी दिसायचं. आता ती मोबाइलवर बसते आणि पंच तोंड दाखवत नाहीत.

तरी माझं भांडण आज त्यांच्याशी नाही. ते मांडवात बसलेल्या आपल्याशी आहे.

जानेवारी २०१९, यवतमाळ. आपल्याच वऱ्हाडात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना रीतसर बोलावलं होतं. वय ९१. यायला तयार, भाषण लिहून पाठवलेलं. मग ओरड झाली की इंग्रजीत लिहिणारी बाई मराठीच्या मांडवात कशाला? संमेलन उधळण्याची धमकी आली आणि निमंत्रण परत घेतलं गेलं. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी घरातले, 'राजतरंगिणी' संस्कृतातून इंग्रजीत नेणारे. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? पुढे ज्या पक्षाकडून धमकी आली होती, त्याच्या अध्यक्षांनीच आपली हरकत नसल्याचं जाहीर केलं. भीतीचं कारण संपलं, तरी निमंत्रण गेलं ते गेलंच. कित्येक लेखकांनी यवतमाळला यायचं नाकारलं, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांना माझा नमस्कार. उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या त्या बाईंचा मान मोठाच. पण रिकामी झालेली जागा भरायची वेळ आली तेव्हाच त्या आपल्याला आठवल्या, याची मला आजही लाज वाटते.

त्याआधी दहा वर्षं, महाबळेश्वरचं संमेलन. नियोजित अध्यक्ष आनंद यादवांनी तुकोबांवरच्या वादात सापडलेल्या कादंबरीबद्दल माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी अध्यक्षपद सोडावं लागलं. संमेलन अध्यक्षाविना पार पडलं आणि आपण जेवून घरी गेलो.

मान्यवरांना असं एकटं टाकता येतं, हे एकदा कळलं की साध्या माणसाची काय किंमत राहते? जून २०२२ मध्ये याच अमरावतीत औषधाच्या एका दुकानदाराचा गळा कापला गेला. त्याने व्हॉट्सअॅपवर एक मजकूर पुढे पाठवला होता, एवढंच. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक आणि जाळपोळ. एक जीव गेला. मजकूर पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नाही. माणूस मारला गेला, हा आहे.

टीका करू नका, असं मी म्हणत नाही. कडक करा. एखाद्या बड्या माणसाने बाईवर हात टाकला असेल तर तिने चारचौघांत नाव घेऊन सांगावं, मी तिच्या बाजूने उभा राहीन. पण न वाचलेल्या पुस्तकावर, न ऐकलेल्या भाषणावर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर माणूस उठवायचा नाही. शेंडगावात जन्मलेल्या आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरं कापणाऱ्याला भर कीर्तनात प्रश्न विचारून गप्प केलं. त्याला मांडवाबाहेर मात्र काढलं नाही. त्याच्यासाठीच तर ते कीर्तन होतं.

म्हणून संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: या व्यासपीठावरून दिलेलं निमंत्रण धमकी आली, फोन आले, मोबाइलवर शिव्यांचा पाऊस पडला म्हणून परत घेतलं जाणार नाही. घ्यायची वेळ आली तर संमेलनच होणार नाही. सूचक मी आहे. तेव्हा अनुमोदनासाठी हात वर करा आणि ज्यांना ठराव मान्य नाही त्यांनी इथे, माझ्यासमोर येऊन बोला. माइक तुमच्यासाठी चालू राहील.